तिसरं पाणी

हौसाबाईंनी नारळाच्या भुशातून निथळलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि आमटीचं मीठ बघावं तसं जिभेला लावलं. “अजून खारट आहे, साहेब. तिसरं पाणी लागणार.”

रोपवाटिकेचा नवा मॅनेजर हसला. “मावशी, पोत्यावर ‘धुतलेलं कोकोपीट’ असं छापलंय. भरा ट्रे.”

बाईंनी ट्रे भरून मिरचीचं बी पेरलं. एका ट्रेपुरता भुसा मात्र पुन्हा धुतला, त्यात तेच बी टाकलं आणि तो कोपऱ्यात ठेवला.

विसाव्या दिवशी बाकी सगळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. आठवड्याने शेतकरी रोपं न्यायला येणार होते. “उपाशी आहेत,” म्हणत मॅनेजरने खताच्या पाण्याची झारी उचलली.

बाईंनी झारीच धरली. “भूक नाही ही. मिठाने करपलीत, आणि खतही खारटच असतं. नुसतं पाणी पाजा.” मग कोपऱ्यातला हिरवागार ट्रे आणून त्याच्यासमोर ठेवला.

त्याने झारी खाली ठेवली. मग करपलेल्या ट्रेवर साधं पाणी ओतलं, खाली निथळलेल्या पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

“मावशी, अजून किती पाणी द्यायचं?”

“ते आता तुमची जीभ सांगेल.”