सतीशचा आवाज

“चुकलं. परत करा.”

डेअरीच्या काउंटरवरचा मोबाइल बोलला आणि अनुपमाच्या हातातली किटली निसटली. अर्धा लिटर दूध फरशीवर सांडलं. रांगेतली माणसं हळहळली. नवऱ्याला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं बिचारीच्या.

सतीश आणि ती केडगावच्या एका छोट्या कंपनीत डिझाइनर. कंपनी दूधवाल्यांसाठी ॲप बनवायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते बोलायचं, आणि तो आवाज सतीशचा होता. बटणं, रंग, अक्षरं, आवाज, सगळं त्याने एका जागी बांधून ठेवलं होतं. तिथे बदललं की सगळीकडे बदलायचं. या तयार तुकड्यांच्या जोरावर ॲप आता दौंडातून शिरूरला निघालं होतं. मेलेला माणूस एकदाच जातो म्हणतात. सतीश मात्र रोज नव्या गावी जात होता. यवतच्या बाजारात, शेजारच्या गोठ्यात, एसटीत मागच्या सीटवर कुठेही तो बोलायचा आणि अनुपमाच्या काळजात धस्स व्हायचं. रात्रीचं जेवण जायचं नाही.

एके दिवशी कंपनीच्या मालकाने, महेंद्रने, तिला बोलावलं.

“वहिनी, शिरूरला चाऱ्याचं दुकान अन् जनावरांचा डॉक्टरबी ॲपवर येतोय. नवी वाक्यं लागणार. निम्मं सतीश बोलतोय, निम्मं दुसरंच कुणी, आसं चालायचं न्हाई. एक तर आवाज मुळातनंच बदलायचा, न्हाईतर मशीनला शिकवायचा. मग ते त्याच्याच आवाजात बोलंल. मला तर तेच करावंसं वाटतंय. काय जरब होती गड्याच्या आवाजात!”

“मशीन काहीही बोलेल?”

“काहीबी. तुमचं नावसुदिक.”

अनुपमा खुर्चीचा हात धरून बसली. महेंद्रने पाण्याचा ग्लास पुढे केला.

“पण मावशींचा होकार पायजे,” तो डोळे पुसत म्हणाला. “आई हाय ती.”

मावशी म्हणजे अनुपमाच्या सासूबाई, मुक्ताबाई. म्हैस विकली तरी त्या रोज सकाळी डेअरीत जाऊन बसायच्या. म्हातारी लेकाचा आवाज ऐकायला येते, म्हणून लोक उठून खुर्ची द्यायचे. अशा बाईला हे विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? दोन दिवस अनुपमाची जीभ रेटली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई भाकरी थापत असताना तिने विषय काढलाच.

“आत्या, ॲपमधला आवाज ठेवायचा का बदलायचा, विचारतायत. तुम्ही म्हणाल तसं.”

मुक्ताबाईंचा हात परातीतच थांबला.

“समदीकडनं जाईल? शिरूरकडनंबी?”

“एका जागी काढला की सगळीकडून जातो.”

“परत येणार न्हाई?”

“नाही.”

म्हातारीचे डोळे भरून आले. अनुपमा घाईघाईने म्हणाली, “राहू दे म्हणाल तर राहील, आत्या. मी सांगते महेंद्रभाऊंना.”

“रोज डेअरीत कशापायी बसती मी, ठावं हाय?” मुक्ताबाई म्हणाल्या. “आज तरी ह्यो गप झाला का, त्ये बघाया.”

त्यांनी पिठाच्या हातानेच तिला जवळ ओढलं.

“काढ त्याला, पोरी. आई हाय मी त्याची. पन तुझ्या पाठीवरचं वळ मीच शेकल्यात.”