सणाची मूळ गोष्ट

गेल्या वर्षी बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तो भुतांच्या सणासाठी दुकानाच्या काचेत हसऱ्या कवट्यांची माळ टांगत होता. यंदाही तीच माळ हातात आली आणि तो मालकावर वैतागला.

“अहो, हा भुताटकीचा बाजार नंतरचा. मुळात आज संध्याकाळी आपली गेलेली माणसं घरी येतात म्हणून लोक दारात दिवा लावायचे. आज माझी बायकोही यायची आहे, मला लवकर सोडा.”

“काका, काय भारी गोष्ट आहे! दिवे आत्ताच मागवतो. पण गिऱ्हाइकांना ही तुमच्यासारखी कोण सांगणार? आज तुम्ही हलायचं नाही.”



दुकानातले सगळे दिवे हातोहात खपले. त्याच्या दारातला तेवढा लावायचा राहिला.