ब्याण्णव किलोची स्प्रिंग

“बाबा, तुमचं वजन किती?”

भिंगरीने विचारलंच एकदाचं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबा मोटारसायकलवर बसले होते, तेही पूर्ण जामानिम्यात. जाड जॅकेट, गुडघ्यांचे पॅड, बूट, हेल्मेट. त्यांचे जुने दोस्त आणि मेकॅनिक वस्तादकाका मागच्या चाकाशी उकिडवे बसून टेपने माप घेत होते. आई दारात होती. तिच्या हातात बाबांची दुसरी पँट होती, कमरेत पुन्हा एकदा आत घेतलेली.

“ब्याण्णव,” बाबा म्हणाले. “माझ्या पोटावर घसरगुंडी खेळून मोठी झालीस, आणि आता वजन विचारतेस होय गं भिंगरे?”

भिंगरी हसली नाही. एरवी हसायला तिला कारणही लागायचं नाही. पण हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी घातली होती. परवा बाबा तिला घ्यायला शाळेच्या फाटकाशी आले, तेव्हा एक जण म्हणाली, “अगं, तुझे आजोबा आलेत.” भिंगरी तिच्याशी कडाकडा भांडली. भांडण संपल्यावर तीच मैत्रीण हळूच म्हणाली, “विचार ना घरी. हिंमत असेल तर.”

वर्गात भिंगरी कुणालाही काहीही विचारायची. घरात मात्र या एका गोष्टीवर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती. बाबा म्हणायचे, “डाएट चाललंय.” आई म्हणायची, “डाएट चाललंय त्यांचं,” आणि शिलाई मशीनवर त्यांची पँट कमरेत आत घ्यायची.

बोलणं व्हायचं ते फक्त गाडीबद्दल. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर बाबा मोटारसायकलवाल्यांना वाट दाखवत घेऊन जायचे. त्यावर घर चालायचं. हंगाम अगदी तोंडावर आला आणि गाडीने दगा दिला. प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक उसळायचं आणि बाबांना सीटवरून उडवायचं. दोनदा पडले. मनगटाला अजून पट्टी होती. टायरची हवा कमी करून झाली. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं तेल बदललं. स्प्रिंग नवी आणली, तरी तेच. रोज शाळेतून आल्यावर भिंगरीला ते शेडमध्येच दिसायचे, गाडीसमोर बसलेले, सख्ख्या भावाने बोलणं टाकावं तसा चेहरा करून.

“आणखी एक मागव, वस्ताद,” बाबा म्हणाले. “ही स्प्रिंगच खराब निघाली. माझा घास घेणार ही एक दिवस!”

वस्तादकाका उठले. “स्वार बसला की गाडी मागून एवढी तरी दबायला हवी.” त्यांनी चार बोटं दाखवली. “तू बसलास तर ही बोटभरही दबत नाही. स्प्रिंग खराब नाही रे. ब्याण्णव किलोच्या माणसासाठी अगदी बरोबर आहे.”

“मग?”

भिंगरीने कोपऱ्यातून प्रवासाचं सामान तोलायचा काटा फरफटत आणला.

“काका, तुम्ही बाबांचं वजन करून बघितलं होतंत?”

“अगं, स्वारांची जात ओळखून आहे मी. सगळे पोट आत ओढून दहा किलो कमी सांगतात. तुझ्या बाबांनी ब्याण्णव सांगितलं, मला वाटलं, चला, एक तरी खरं बोलला.” काका मान खाली घालून म्हणाले, “जास्त सांगणारा आजवर भेटला नव्हता गं.”

“बाबा, उतरा.”

“तुला शाळेचा अभ्यासबिभ्यास नाही का?”

“उतरा ना, बाबा.”

बाबा उतरले. बूट-हेल्मेटसकट काट्यावर चढले. काटा थरथरला आणि सत्तरवर थांबला. अंगावरचं सगळं धरून सत्तर. आईने हातातली पँट तोंडावर दाबून धरली.

बाबा त्या आकड्याकडे बघतच राहिले. आणि मग चक्क त्यांना हायसं वाटलं!

“म्हणजे गाडी ठणठणीत आहे!” हेल्मेट काढत ते म्हणाले. गालांची हाडं वर आली होती. “वस्ताद, मऊ स्प्रिंग घाल. सत्तरची. हंगाम हातचा गेला नाही अजून.”

“दुकानात आहे तशी एक,” काका पुटपुटले. “आज ही काढतो, उद्या ती चढवतो. मग नाही उडवणार तुला.”

भिंगरीने आशेने आईकडे बघितलं. आई डोळे पुसून म्हणाली, “होऊ दे त्यांच्या मनासारखं. हंगाम संपला की दाखवू डॉक्टरांना.”

किती पटकन एकमत झालं तिघांचं! काका पाना घेऊन खाली वाकले. पहिला नट किरकिरत सैल झाला. मऊ स्प्रिंग बसली की गाडीही गप्प होणार होती. आणि या घरात आजवर खरं बोलली होती ती फक्त गाडी.

तिने काकांच्या हातातून पाना हिसकावला. नट पुन्हा आवळला, होता नव्हता तेवढा जोर लावून. मग ती गाडीला पाठ टेकवून उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. हीच स्प्रिंग राहणार. उद्या सकाळी आपण तिघं डॉक्टरांकडे जातोय. आणि बाबा पुन्हा ब्याण्णव किलोचे होईपर्यंत या गाडीला कुणी हात लावायचा नाही.”