तीन ठोके, दोन ठोके

ढिगाऱ्याखाली माणूस शोधताना बचावपथक आधी सगळी यंत्रं बंद करतं आणि तीन ठोके देतं. खाली कुणी जिवंत असेल तर दोन ठोके परत येतात. पथकात ज्याला सगळे 'पहाड' म्हणायचे, त्याची बावीस वर्षं हेच ऐकण्यात गेली. मागच्या भूकंपानंतर मात्र पहाडाची झोपच उडाली.

डॉक्टरबाईंनी त्याला मोबाइलवर एक ॲप दिलं. रोज दुपारी त्यात मनातलं बोलायचं, आणि बाई ते रेकॉर्डिंग ऐकणार. बोलायला बसला की पहाड सवयीने टेबलावर तीन ठोके द्यायचा. स्वयंपाकघरातून लगेच दोन यायचे, मग कुठे गडी तोंड उघडायचा.

आज बाईंनी फोन करून त्या ठोक्यांबद्दल विचारलं, तेव्हा बायकोने स्पीकरवर हसत कबुली दिली, "मीच हो ती! डावाने ओट्यावर वाजवते. इतकं जीव तोडून विचारतो बिचारा, कुणी उत्तर नको द्यायला?"

"ते मी ओळखलं," बाई म्हणाल्या. "पण तुमच्यानंतर लांबून आणखी तीन ठोके येतात. ते कोण देतं?"

पथकात करायचा तसा पहाडाने 'सगळं बंद' म्हणून हात वर केला. बायकोने पंखा बंद केला, गळता नळ घट्ट पिळला.

घर बैठं होतं. छपरावर चढायला साधी शिडीही नव्हती.

वरून सावकाश तीन ठोके आले.

पहाडाने बायकोचा हात धरला.

"देऊ रे उत्तर?" तिने हळूच विचारलं, आणि तो काही बोलायच्या आत तिच्या डावाने दोनदा वाजवलंसुद्धा.