घड्याळजींच्या घरातलं गाणं

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. एवढीशीच आहे, आणि आवाजही तिचा बारीक आहे.

"काकू कोणतं गाणं म्हणायच्या?" बोलणं परत शिकवायला आलेल्या थेरपिस्टने विचारलं.

घड्याळजी गडबडले. पुढच्या खोलीतलं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आज चादरीने झाकलेलं होतं आणि त्याला लागूनच पलंग टाकला होता. पलंगावर त्यांची बायको, सगळ्या गल्लीच्या काकू, उशीला टेकून बसल्या होत्या. मेंदूला झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. पाणी हवं असलं तरी नुसत्या बघायच्या, आणि समोरच्याला कळलं नाही की डोळे मिटून घ्यायच्या.

"कोणतंही गाणं नको," थेरपिस्ट म्हणाली. "ओठांवर बसलेलं हवं. बोलणं जातं, पण कधीकधी गाणं मागे राहतं, काका. त्याच्या बोटाला धरून शब्द परत येतात. मात्र जे करायचं ते याच दिवसांत. उशीर झाला की अवघड."

"आमच्याकडे गाणं नव्हतंच हो," घड्याळजी म्हणाले. "माझं काम कानाचं. घड्याळ कानाला लावायचं आणि टिकटिक कुठे लंगडतेय ते ऐकायचं. चिडीचूप लागतं त्याला. पण हिला कधी तोंडाने सांगावं लागलं नाही. मी हात वर केला की झालं."

हे सांगताना त्यांच्या आवाजात जरासा अभिमानही होता. कान होताच तसा, देवाने हात सैल सोडून दिलेला.

पलंगाच्या पायथ्याशी इस्त्रीवाली बसली होती. कपडे द्यायचं निमित्त करून ती रोज यायची आणि काकूंचे पाय चेपून जायची.

"नव्हतं कसं?" ती म्हणाली. "गच्चीवर कपडे वाळत घालताना रोज गायच्या की. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून ऐकत उभा राहायचा. गिऱ्हाईक ओरडायचं, अरे बाबा, दुसरा गाल पण माझाच आहे."

थेरपिस्ट हसली. घड्याळजी हसले नाहीत.

"कोणतं गाणं?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच केलेलं. तुम्हाला नाही ठाऊक, काका?"

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणून दाखवा ना," थेरपिस्ट इस्त्रीवालीला म्हणाली.

"माझा गळा म्हणजे फुटका डबा, बाई." पण ती म्हणाली. "थांब रे उन्हा, थांब जरासा..."

काकूंची मान वळली. ओठ हलले. आधी नुसती हवा आली, मग घोगरा सूर, आणि मग,

"अजून ओलं आहे," काकू गायल्या. "बाळाचं अंगडं अजून ओलं आहे."

शब्द. स्वच्छ, एकामागून एक. भाजी कोणती करू आणि दिवा मालवू का असं विचारणारा गळा हाच, यावर घड्याळजींचा विश्वास बसेना. त्यांना तो आणखी ऐकायचा होता, एकटाच, नितळ. पण इस्त्रीवाली हुरूप येऊन आणखी मोठ्याने, आणखी बेसूर गाऊ लागली होती. नीट ऐकायचं असलं की घड्याळजी जन्मभर जे करत आले होते, तेच त्यांच्याकडून झालं.

त्यांनी हात वर केला.

काकू थांबल्या.

"अगं, तुला नाही," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "तुला नाही म्हटलं मी, हिला म्हटलं. तू गा. गा ना गं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. यांचं काम चाललंय वाटतं, एवढंच त्या नजरेत होतं. इस्त्रीवालीने ओळ पुन्हा धरली, पुन्हा सोडली. काकूंचे ओठ मिटलेले आणि डोळे नवऱ्याच्या हातावर. त्यांनी तो हात पाठीमागे लपवला, तरी तिथेच.

"काका," थेरपिस्ट हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

घड्याळजी जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. मागे दार लोटलं गेलं. मग फळ्यांच्या फटीतून सूर आला, त्याच्यामागे शब्द आले. उन्हाला काकुळतीने थांबवणारी एक ओळ, दोरीवरच्या कपड्यांची दुसरी, मग एक अशी, की तिच्यात आत बसलेल्या दोघीजणी खुदकन हसल्या. घड्याळजींचा हात कडीकडे गेला. तिथून तसाच मांडीवर परत आला.

एक गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ घेऊन जिना चढत आलं आणि मधेच थबकलं.

"वा. कोण गातंय हो तुमच्याकडे?"

"आमची ही," घड्याळजी म्हणाले. "मी घरात नसलो की गाते."

काकू आता पाणी मागतात, माणसांना नावाने हाका मारतात. तेव्हा रात्री देवाचं नाव घ्याल, त्या वेळी त्यांच्यासाठी दोन शब्द बोलालच तुम्ही. पण त्यांचा सराव अजून रोज चालतो, मंडळी. सराव सुरू व्हायच्या आधी जो माणूस आपणहून उठतो आणि जिन्यावर जाऊन बसतो, त्याचीही आठवण असू द्या.