पाटावर कोण

"अगं, कुंकू नाकाला काय लावतेस?" भाऊबीजेच्या पाटावरून निहार कुरकुरला.

केतकी ओशाळून हसली. रात्रंदिवस खेळायची तो मारामारीचा व्हिडिओ गेम सोडून तिला तीन महिने झाले होते, पण त्यातली चित्रं डोळ्यांतून जाईनात. जातील हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. तिची आई मंदाही सगळ्यांना तेच सांगायची. फक्त घरातल्या सुऱ्या तिनं माळ्यावर टाकल्या होत्या, आणि आजचा दुधीसुद्धा भाजीवालीकडूनच चिरून आणला होता.

निहार कपाळ पुढे करून गप्प बसला. केतकीनं तबक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मंदा नकळत दोघांच्या मध्ये सरकली.

"दादा, बोलत राहा," केतकी म्हणाली. "तू गप्प झालास की समोर गेममधला राक्षसच दिसतो, आणि त्याला मारायला माझा हात उठतो."