थरथर

धावडा गावच्या सोनूबाईला कॅन्सरच्या केमोचे अजून दोन डोस घ्यायचे होते. औषधानं पाय बधिर झाले होते; मिरचीच्या वावरात पायातली चप्पल निसटली, तेही घरी आल्यावर कळलं. पण बधिरपणा सांगितला की औषध बंद करतात, असं तिनं ऐकलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून तिच्या पायाच्या अंगठ्यावर वाजवला की थरथरणारा, चिमट्यासारखा स्टीलचा काटा टेकवला. “मावशी, थरथर जाणवते?” “बराबर जाणवती!” “काटा अजून वाजवलाच नाही मी.” सोनूबाईनं डोळे उघडले. “औषध बंद करू नका, मॅडम. मला जगायचंय.” “बंद नाही करणार. डोस कमी करू, औषध बदलू. पण खरं सांगा.” तिनं डोळे मिटले. वाजवलेला काटा अंगठ्यावर टेकला. “न्हाई.” घोट्यावर टेकला. “इथं बी न्हाई.” नडगीवर ती दचकली. “इथं हाय!” डॉक्टरीणबाईंनी तिथं पेनानं रेघ ओढली. “बधिरपणाची ही रेघ आता वर सरकू द्यायची नाही.”